हेड टायपिस्टची पदवी

४ जुलै १९९४, सोमवार

आजपासून रोजनिशी नियमित. कारण तसंच आहे. कंपनीत कॉम्प्युटर आले. पाच. जुन्या कॅन्टीनच्या जागी काचेची खोली केली आहे, आत एसी, चपला बाहेर काढायच्या. मुल्हेरकर साहेब स्वतः बूट काढून मोज्यांवर फिरत होते. हे नवे ॲडमिन मॅनेजर, वय एकतीस. मी टायपिंग सेक्शनचा हेड, वय त्रेचाळीस, सर्व्हिस एकवीस वर्षं. ठाण्याच्या आख्ख्या वागळे इस्टेटमध्ये टाइपरायटरवर माझ्याइतकं स्वच्छ स्टेन्सिल कोणी कापत नाही. हे मी म्हणत नाही, जुने मॅनेजर म्हणायचे.

दुपारी मुल्हेरकरांनी बोलावलं. साटम, तुमच्या सेक्शनमधून तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला दोन नावं द्या. मी विचारलं, तीन आठवड्यांत माणूस काय शिकणार? म्हणाले, डेटा एन्ट्री. म्हणजे टायपिंगच. फक्त कागद नाही. मी हसलो. ते हसले नाहीत.

५ जुलै

निर्णय झाला. पेपरात जाहिरात आहे: पोस्टाने बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. तीन वर्षं. अभ्यासकेंद्र डोंबिवलीला, वर्ग रविवारी. अट बारावी किंवा समकक्ष. माझं इंटर आहे.

ठराव: जून ९७ ला पदवी. जुलैत ती मुल्हेरकरांच्या टेबलावर. ऑगस्टपर्यंत काचेची खोली माझ्या हाताखाली. मग बूट कोणी काढायचे ते मी ठरवीन.

कलावतीला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, अहो, आधी ते तीन आठवड्यांचं करून बघा की. म्हटलं, तीन आठवडेवाला आणि पदवीवाला यांत कंपाउंडर आणि डॉक्टर इतका फरक असतो. ती म्हणाली, आपल्या वर्तकनगरात पुड्या कंपाउंडरच बांधतो, आणि त्यानेच बरं वाटतं.

कलावती म्युनिसिपल शाळेत शिक्षिका. लग्नानंतर, माझ्या आईच्या आजारपणात, तिने बाहेरून बी.ए. केलं. पहिल्या फटक्यात. पण ते बी.ए.; सायन्समधलं तिला काय कळणार.

११ जुलै

ट्रेनिंगचा फॉर्म भरून दिला.

सेक्शनमध्ये आम्ही तिघं. मी, डिसेंबरात रिटायर होणारे दगडू तात्या आणि शेवंती कोळी. शेवंती चेंदणी कोळीवाड्यातली. वय छत्तीस, नवरा वारला, घरी म्हातारी सासू. सहा वर्षांपूर्वी मीच तिला घेतलं. मिनिटाला साठ शब्द, मान वर न करता.

सकाळी ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. साहेब, माझं नाव द्या, मला शिकायचंय. मी समजावलं, घाई कशाला? मी पदवी करतोय, तुला मुळापासून मीच शिकवीन. म्हणाली, ते पण शिकीन, हे पण शिकीन.

फॉर्मवर माझ्या नावापुढे लिहिलं: 'उच्च शिक्षण घेत असल्याने आवश्यकता नाही.' तिच्या नावापुढे लिहिलं: 'घरगुती अडचणींमुळे असमर्थ.' तिच्याच भल्यासाठी. अर्धवट ज्ञान फार वाईट. शिवाय सेक्शनची पत्रं कोण टाइप करणार? तात्यांना दिसत नाही. आणि हाताखालची व्यक्ती तीन आठवड्यांत शिकून येणार, हेड तीन वर्षांनी, तर शिस्त कशी राहील?

तिला सांगितलं, साहेबांनी या खेपेला आपल्या सेक्शनची नावं घेतली नाहीत. ती म्हणाली, बरं. पुढच्या खेपेला बघा. आणि मशीनवर जाऊन बसली.

१८ जुलै

दोन जागा रिकाम्या राहिल्या म्हणून मुल्हेरकरांनी स्टोअर्समधला एक क्लार्क आणि दौलत प्यून यांना पाठवलं. दौलत! नववी नापास, दोन पोरांचा बाप, चहा आणतो. विज्ञानाची ही थट्टा आहे. रोजनिशीत नोंद असावी म्हणून लिहिलं.

३१ जुलै, रविवार

डोंबिवली. पहिला वर्ग. शाळेची इमारत, बाक लहान, गुडघे बसेनात. शिकवणारे प्रभाकर सर, चोवीस वर्षांचे, मिशी अजून नीट आलेली नाही. मला बघून म्हणाले, पालकांनी कृपया बाहेर बसा. मुलं हसली. मी शांतपणे ओळखपत्र दाखवलं. सर म्हणाले, सॉरी काका. 'काका' नको होतं.

केंद्रात एक कॉम्प्युटर आहे, तो दुरुस्तीला गेलाय. आज शून्य आणि एक शिकवलं. सगळं कॉम्प्युटर म्हणे याच दोन आकड्यांवर चालतं. माझ्या टाइपरायटरवर चाळीसच्या वर बटणं आहेत. आणि याला हे लोक प्रगती म्हणतात.

तरी विषय सोपा वाटला. पुस्तकं अजून उघडली नाहीत, पण वजनावरून अंदाज येतो.

२३ ऑगस्ट

पहिली असाइनमेंट. एक ते शंभर आकड्यांची बेरीज करणाऱ्या प्रोग्रॅमचा फ्लोचार्ट, म्हणजे चौकोन आणि बाण. शेवंतीला टाइप करायला दिली. तिने ठिपके आणि रेघा मारून मशीनवर असे चौकोन काढले की छापल्यासारखे. मग विचारते, साहेब, हा शेवटचा बाण परत वरतीच जातो. खाली कधी उतरायचा?

सांगितलं, तू टाइप कर. यामागे गणित आहे.

१८ सप्टेंबर, रविवार

असाइनमेंट परत आली. शंभरपैकी एकतीस. लाल शेरा: 'हा प्रोग्रॅम कधीही थांबणार नाही.'

न थांबणं हा दोष कसा? आमच्या कंपनीतला बॉयलर थांबतो का? थांबला तर बोंब होते. प्रभाकर सरांना इंडस्ट्रीचा अनुभव नाही.

२२ नोव्हेंबर

प्रगती. दुसऱ्या असाइनमेंटला चौसष्ट, तिसऱ्याला एकाहत्तर. विषय आता हातात आला. टाइप करताना शेवंतीच्या हातून कधी बाण इकडचा तिकडे होतो, एकदा तर आख्खा चौकोन जास्तीचा पडला. टायपिस्टची चूक. मी रागावलो नाही, तसाच पाठवला.

दुपारच्या सुट्टीत ती माझी पुस्तकं वाचते. चित्रं बघत असावी.

१६ जानेवारी १९९५

तात्या रिटायर झाले. त्यांच्या जागी कोणी नाही.

आज काचेच्या खोलीतून डीलर लोकांना नव्या वर्षाची पत्रं गेली. दोनशे पत्रं, प्रत्येकावर वेगळं नाव, वेगळा पत्ता. दौलतने एका दुपारी काढली. आम्हाला आठ दिवस लागायचे. मी एक पत्र हातात घेऊन बघितलं. अक्षरं ठिपक्याठिपक्यांची, गोवर आल्यासारखी. दाब नाही, खोली नाही. शेवंतीला दाखवलं, बघ, याला काही अर्थ आहे का? तिने पत्र हातात घेतलं, उलटून पाहिलं. म्हणाली, साहेब, एकदा चुकलं तर परत सगळं टाइप करावं लागत नाही ना यात?

नंतर सवयीने ओरडलो, दौलत, दोन कटिंग. तो काचेतून बाहेर आला, चपला घातल्या, चहा आणून दिला, चपला काढल्या, परत आत गेला. एक शब्द बोलला नाही. किती उद्धटपणा.

२ मे

परीक्षा कल्याणला. पाच पेपर आणि प्रॅक्टिकल. तयारी जय्यत. पुठ्ठ्याचा कीबोर्ड केलाय, त्यावर रोज अर्धा तास सराव. केंद्रातला कॉम्प्युटर अजून दुरुस्तीहून आलेला नाही. पण ज्याला कळतं त्याला यंत्र समोर कशाला हवं?

१४ मे, रविवार

प्रॅक्टिकल झालं. स्पीडमध्ये मी पहिला. बाजूची मुलं दोन बोटांनी टकटक करत होती, तोवर माझी दोन पानं भरली. एक्झामिनर माझ्या मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, वा, हात काय चालतो. मग त्यांनी कुठलं तरी बटण दाबलं आणि स्क्रीनवर लिहून आलं: त्रेचाळीस चुका. एकवीस वर्षांत माझ्या एका पानात दोनच्या वर चुका झालेल्या नाहीत. मशीन बिघडलेलं असणार.

शेवटी नीट बंद करून ठेवावं म्हणून स्विच दाबला. तो नुसत्या टीव्हीचा, म्हणजे पडद्याचा निघाला. कॉम्प्युटर चालूच होता.

२० जुलै

रिझल्ट. पाचपैकी दोन पेपर सुटले, प्रॅक्टिकल राहिलं. पहिल्याच वर्षी दोन म्हणजे चाळीस टक्के यश. ऑफिसात सांगितलं, पहिलं वर्ष झालं. एका अर्थी झालंच. वर्ष झालं.

शेवंतीने पेढा मागितला. नंतर विचारलं, साहेब, आता शिकवायला सुरुवात कराल का? म्हटलं, बॅकलॉग क्लिअर झाला की. तिला बॅकलॉग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. एवढं तरी तिला शिकायला मिळालं.

६ ऑक्टोबर

टायपिंग सेक्शन बंद. महिनाअखेर.

मुल्हेरकर म्हणाले, साटम, तुम्ही जुने, तुम्हाला इनवर्ड-आउटवर्डला घेतो. येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांची नोंद. शेवंतीबाई सरप्लस. मी विचारलं, तिला आत का नाही घेत? म्हणाले, गेल्या वर्षी ट्रेनिंगला नाही म्हणाल्या ना त्या. आता जागा भरल्या.

फाइल त्यांच्यासमोरच होती. सांगायला वेळ योग्य नव्हती.

९ ऑक्टोबर, सोमवार

काचेच्या खोलीतला प्रिंटर बिघडला. म्हणून पर्सोनेलचं एक पत्र आमच्याकडे टाइप करायला आलं. कच्चा मसुदा पाहिला. शेवंतीला कामावरून कमी केल्याचं पत्र.

मी स्वतः टाइप करणार होतो. पण मंगळवारी असाइनमेंट पाठवायची शेवटची तारीख, आणि दुपारी डोकंही दुखत होतं. ट्रेमध्ये ठेवलं. ट्रेमधलं काम तीच उचलते, हे डोक्यात आलं नाही. आलं असेल, पण उशिरा आलं.

तिने चार मिनिटांत टाइप केलं. मूळ आणि दोन कार्बन. एकही चूक नाही. माझ्यासमोर ठेवून म्हणाली, साहेब, सहीला पाठवा.

१० ऑक्टोबर

शेवंती मुल्हेरकरांकडे विचारायला गेली. त्यांनी तिला तो फॉर्म दाखवला. माझं अक्षर ती लांबूनही ओळखते.

रागावली की तिच्या तोंडी कोळीवाड्यातली भाषा येते. सगळ्या हॉलसमोर म्हणाली, मना इचारलं का तुमी? माजे घरान काय आरचन हाय ती तुमाला कलली, मना नाय कलली? मी म्हटलं, शेवंती, हळू बोल, लोक ऐकतायत. म्हणाली, आयकूद्या. मी हात पसरून मागितलं होतं तुमच्याकडे. शिकायलाच मागितलं होतं.

हॉलमध्ये मशीन एकही चालू नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

मी तिला शब्द दिलाय. सोमवारी मुल्हेरकरांना भेटून सगळं स्पष्ट सांगणार. फॉर्म मी भरला, तिचा दोष नाही. बस. दोन वाक्यांचं काम.

१६ ऑक्टोबर

मुल्हेरकर दिवसभर फोनवर.

१७ ऑक्टोबर

मुल्हेरकर बसलेले होते, पण चेहरा बरा दिसला नाही. अशा वेळी सांगून तिचंच नुकसान झालं असतं.

२० ऑक्टोबर

दाराशी गेलो होतो. आत दौलत होता. प्यूनसमोर कसं बोलणार?

१ नोव्हेंबर

शेवंतीची फाइल बंद झाली. आता नियमाप्रमाणे काही करता येत नाही. मी प्रयत्नात कमी पडलो नाही.

जाताना ती सगळ्यांना भेटली. माझ्या टेबलाशी आली तेव्हा मी आउटवर्डचं रजिस्टर शोधत होतो. मिळालं तोवर ती गेलेली.

११ फेब्रुवारी १९९६, रविवार

असाइनमेंट स्वतः टाइप केली. अठ्ठावीस मार्क. पुढची चोवीस. शेरा: 'बाण पुन्हा वर जातो आहे. आधीच्या असाइनमेंटमध्ये हे जमलं होतं, आता काय झालं?'

इव्हॅल्युएटर बदलला असावा.

१९ मे

कलावती परवा ठाण्याच्या मार्केटात गेली होती. तिथे शेवंती भेटली. कोळीवाड्यातलं घर दिरांनी घेतलं, सासूला घेऊन ती दिव्याला, स्टेशनच्या पलीकडे, भाड्याच्या खोलीत राहते. पाणी लांबून आणावं लागतं. हे कलावतीने सांगितलं आणि ताटं घ्यायला गेली.

जेवण झाल्यावर विचारलं, तो फॉर्म तुम्ही भरलात?

म्हटलं, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. ती म्हणाली, मी परिस्थिती नाही विचारली.

दोन दिवस कामापुरतं बोलतेय. मला अभ्यासाला शांतता हवी असते हे तिच्या लक्षात आलं असावं.

२ जुलै

पहिल्या वर्षाचे चार पेपर सुटले. दुसऱ्या वर्षाचा एक. केंद्रात माझ्यासकट आम्ही बारा विद्यार्थी होतो, त्यातले नऊ पुढे गेले, दोघांनी सोडलं. मी एकटाच पाया पक्का करतोय. प्रभाकर सरांनीही नोकरी सोडली, अमेरिकेला गेले. त्यांच्या जागी पहिल्या वर्षाला त्यांचीच एक विद्यार्थिनी शिकवते. माझ्या वर्गातली. मला अजून काका म्हणते.

सुधारित ठराव: पदवी जून ९८.

१४ जून १९९७

पहिल्या ठरावाप्रमाणे हा पदवीचा महिना, पुढच्या महिन्यात ती मुल्हेरकरांच्या टेबलावर. त्याऐवजी एक अर्ज ठेवला: प्रॅक्टिकलच्या सरावासाठी सुट्टीच्या दिवशी काचेची खोली वापरण्याची परवानगी मिळावी. त्यांनी वाचून विचारलं, अजून चाललंय? म्हटलं, विषय खोल आहे. म्हणाले, दौलतला विचारा, किल्ली त्याच्याकडे असते.

दौलत आता सिस्टिम असिस्टंट आहे. दारावर पाटी आहे.

६ जुलै, रविवार

काचेच्या खोलीत पहिल्यांदा बसलो. चपला काढून. दौलत सुट्टी असून आला, मुद्दाम. माझा प्रोग्रॅम टाकला, कॉम्प्युटर गप्प. काहीच होईना. दौलत म्हणाला, साहेब, हा अडकला. लूपमधून बाहेर यायला वाटच नाही ठेवलेली तुम्ही. हे इथं एक अट टाका, अमुक झालं की थांब. त्याने सांगितलं तशी टाकली. स्क्रीनवर आलं: ५०५०. एक ते शंभरची बेरीज.

तीन वर्षांनी आली.

दौलतला विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? म्हणाला, शेवंतीताईने. जेवणाच्या सुट्टीत तुमची पुस्तकं वाचून सांगायची. मी इंग्लिश वाचू नाही शकायचो ना तेव्हा. ती नसती तर मी पण परत चहावरच गेलो असतो.

दर रविवारी दौलत येईल म्हणाला. त्याचीही त्या निमित्ताने उजळणी होईल.

३ डिसेंबर

आज उगाच जुनी असाइनमेंट काढून बघितली. एकाहत्तर मार्कांची. मी हाताने काढलेला कच्चा कागदही सोबत होता. दोन्ही शेजारी ठेवले.

परत ठेवून दिले. जुने कागद साठवू नयेत, धूळ होते.

१० ऑगस्ट १९९८

कंपनी शीळफाट्याच्या पुढे चालली. नवी शेड, सगळं कॉम्प्युटराइज्ड. इथली जागा बिल्डरला. लोकांची यादी लागली. दौलत आहे. माझ्या नावापुढे लिहिलंय: 'ऐच्छिक निवृत्ती.' माझी इच्छा मला यादीवरून कळली.

मुल्हेरकरांना भेटलो. सांगितलं, फक्त दोन पेपर उरलेत, जानेवारीत पदवीधर होतोय. ते चांगलं बोलले. खुर्ची दिली. म्हणाले, साटम, जिद्द आहे तुमची. पण मला सांगा, तिथे गेल्यावर तुम्ही नक्की काय कराल? मी म्हटलं, कॉम्प्युटर. म्हणाले, कॉम्प्युटरवर काय?

सविस्तर उत्तर लिहून पाठवतो म्हणालो.

२४ ऑगस्ट

उत्तराचा मसुदा चालू आहे.

३० सप्टेंबर

शेवटचा दिवस. नारळ, शाल. दौलतने भाषण केलं. म्हणाला, साटम साहेबांच्या पुस्तकांमुळे मी घडलो. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पुस्तकांमुळे म्हणाला. साहेबांमुळे नाही.

२२ फेब्रुवारी १९९९

पास. शेवटच्या पेपरला चार ग्रेस मार्क, पण पास. साडेचार वर्षांत. थर्ड क्लास, पण क्लास.

कलावतीने देवापुढे साखर ठेवली. मला म्हणाली, केलंत हो शेवटी. खरंच आनंद झालेला दिसला तिला. मग म्हणाली, एकदा दिव्याला जाऊन याल? मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, तेही मीच सांगू?

जाणार आहे. पदवी हातात आली की ती दाखवायला जाईन. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही.

५ एप्रिल

पदवी पोस्टाने आली. जाड कागद, सोनेरी शिक्का, नाव कॉम्प्युटरवर छापलेलं. इंग्रजीत. हरिहर दामाजी सॅटन.

'एम'च्या जागी 'एन' पडलाय. बाजूबाजूची बटणं. आमच्या सेक्शनमध्ये असा कागद मी टेबलावरून पुढे जाऊ दिला नसता. कलावतीने स्पेलिंग दोनदा वाचलं, 'सैतान?' म्हणाली, मग पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की काय, कळलं नाही.

विद्यापीठाला फोन केला. म्हणाले, दुरुस्ती होईल, पण आधी प्रतिज्ञापत्र पाठवा, टाइप केलेलं, नोटरीसमोर सही केलेलं. मी विचारलं, कॉम्प्युटरची चूक, मी का शपथ घेऊ? म्हणाले, पद्धत आहे.

दिव्याला जाणं दुरुस्ती झाल्यावर.

१२ एप्रिल, सोमवार

ठाणे कोर्टाबाहेर गेलो. झाडाखाली टायपिस्ट बसतात, टेबलं मांडून. एका टेबलापुढे रांग होती. बाकीचे रिकामे. लोकांना विचारलं, इथेच का? म्हणाले, बाई चुकत नाहीत. परत करावं लागत नाही.

जवळ गेल्यावर हात दिसले. मग ओळखलं. मशीनवर शेवंती.

निघून जाता आलं असतं. मागे चार माणसं येऊन उभी राहिली होती, म्हणून नाही गेलो. असं लिहितोय. खरं म्हणजे का उभा राहिलो ते मला माहीत नाही.

माझा नंबर आला. तिने वर पाहिलं. केस बरेच पांढरे झालेत. म्हणाली, बसा. कागद बघू. पदवी उलगडून तिच्यासमोर ठेवली. तिने सगळी वाचली, शिक्क्यासकट. नावावर क्षणभर थांबली. हसली नाही. कागद लावून, कार्बन घालून, सुरू केलं. नाव. वडिलांचं नाव. पत्ता तिने विचारला नाही, वर्तकनगर टाइप केला, खोली नंबरसकट. वय? अठ्ठेचाळीस. व्यवसाय?

मी म्हटलं, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स.

ती म्हणाली, ते शिक्षण झालं. व्यवसाय?

बोटं बटणांवर ठेवून थांबली होती. मागचा माणूस घड्याळ बघत होता. तिने हळूच 'निवृत्त' टाइप केलं आणि पुढे गेली.

चार मिनिटं. म्हणाली, वाचून बघा, चूक असेल तर सांगा. वाचलं. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की हरिहर दामाजी साटम आणि हरिहर दामाजी सॅटन या दोन नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.' तीनदा वाचलं. चूक नव्हती.

नोटरी बाजूच्याच टेबलावर. त्याने विचारलं, यांना ओळखणारं कोणी आहे का? ओळखणाऱ्याची सही लागते. मी इकडेतिकडे बघितलं. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं ठाण्यात काढली, तिथे एक माणूस ओळखीचा दिसेना. म्हटलं, उद्या बायकोला घेऊन येतो.

शेवंतीने पुढच्याचा कागद मशीनला लावला होता. मान वर न करता म्हणाली, द्या इकडे. मी ओळखते यांना.

नोटरीने विचारलं, किती वर्षं?

म्हणाली, अकरा.

सही केली. सहीखाली नाव, नावाखाली पत्ता, दिवा पूर्व. कागद माझ्या हातात दिला. मी उभाच राहिलो. म्हटलं, शेवंती, तो फॉर्म मी...

ती म्हणाली, साहेब, मागे लोक आहेत.

बाजूला झालो.